आगटी आणि मशाल

मार्गशीर्ष लागला की बडोद्याजवळच्या बाजव्याच्या पायगुड्यांच्या घरात कुणी आजारी पडायचं नाही, असा जणू कायदाच होता. लग्नं ठरवायची नाहीत, गावाला जायचं नाही, दाढ ठणकली तर लवंग दाबून गप्प बसायचं. कारण दाणा कुणासाठी थांबत नाही. वाणी जातीच्या जोंधळ्याचं कणीस हिरवं, दुधाळ असतं ते मोजून आठ-दहा दिवस. तेवढ्यात ते आगटीत भाजलं, झोडपलं, पाखडलं तर पोंक, म्हणजे इकडचा हुरडा. नाहीतर झाली त्याची ज्वारी, आणि ज्वारी काय, दुकानात पोत्याने मिळते. म्हणून पायगुडे आपल्या दोन विघ्यांच्या शेतात टप्प्याटप्प्याने पेरायचे आणि आगटी पार माघापर्यंत पेटती ठेवायचे.

याच कायद्याने प्रतापसिंहरावांचा उजवा डोळा खाल्ला.

नाव केवढं दांडगं बघा, प्रतापसिंहराव! पणजोबा संस्थानच्या फौजेत घोडेस्वार होते, ही जमीन त्यांना मिळालेली. घोडे गेले, तलवार गेली, नाव तेवढं राहिलं. अख्खा बाजवा त्यांना राजे म्हणायचा, आणि हे राजे थंडीभर राखेत बरबटून आगटीपाशी उकिडवे बसलेले असायचे. उजव्या डोळ्याला धूसर दिसायला लागलं तेव्हा ते म्हणाले, मोतिया असेल, सीझन झाला की दाखवू. तो सीझन गेला, दुसरा गेला. तिसऱ्या सीझननंतर दाखवलं, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, मोतिया नाही हा, काचबिंदू. बडोद्यात सगळे त्याला झामर म्हणतात. उजवा गेलाच होता. डाव्यातही सुरू झाला होता.

पाच वर्षं त्या डाव्या डोळ्यावर घर चाललं होतं. तीन बाटल्यांचे थेंब, दिवसातून सहा वेळा. सून शालिनी मोबाइलवर गजर लावायची आणि गजर वाजला की अंगणातून ओरडायची, "बाबा, डोळा वर!" मागच्या वर्षी एक ऑपरेशनही झालं.

आणि रोज दिवेलागणीला राजे एक परीक्षा घ्यायचे. रेल्वेच्या रुळांपलीकडे रिफायनरी, तिच्या उंच नळकांड्यावर जळत्या वायूची ज्योत. गावात तिला मशाल म्हणतात. पाण्याच्या टाकीच्या खांबाला हात टेकून राजे उभे राहायचे, मशालीकडे बघायचे आणि म्हणायचे, "आहे."

चुलीपुढून त्यांची बायको मोहना म्हणायची, "असणारच."

झालं. मग दोघं जेवायला मोकळी. पाच वर्षांत मोहनाने स्वतः कधी मान वळवून मशालीकडे बघितलं नव्हतं. तीस वर्षं दारासमोर जळणारी वस्तू, ती काय बघायची!

या वर्षी पहिलं कणीस आगटीत जायच्या आठवडाभर आधी राजांचा डोळा लाल झाला. डोकं असं दुखायचं की ते भाकरी ताटात तशीच ठेवून उठायचे. मोहना त्यांना पाणीगेटच्या पलीकडच्या ट्रस्टच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर मृदुलाबेन गुजराती, पण बडोद्यात वाढलेल्या, त्यामुळे त्यांचं मराठी चालायचं ठीक आणि मध्येच गुजरातीत उतरायचं.

"काका, प्रेशर अडतीस छे," त्या म्हणाल्या. "तीन बाटल्या घालून अडतीस, वीसच्या आत पाहिजे. ऑपरेशनने पाडलेली वाट पण भरून आली. आता लेझर करायचं."

"होळीनंतर येतो," राजे म्हणाले.

"होळी दिसायला पाहिजे ने?"

मोहना खुर्ची पुढे ओढून बसली. तिने विचारलं, "लेझरने काय करणार?"

"बघा काकी. डोळ्यात पाणी तयार होतं आणि बारीक वाटेने निघून जातं. यांची वाट तुंबली. ती खूप प्रयत्न करून उघडत नाही. मग आता पाणी तयार करणारा भागच थोडा थोडा भाजायचा. पाणी कमी, प्रेशर कमी."

"म्हणजे निचरा होत नाही म्हणून मोटर बारीक करायची."

"बराबर! काकी डॉक्टर झाल्या." मृदुलाबेन हसल्या आणि मग हसू आवरून म्हणाल्या, "पण एक ऐका. गेलेली नजर परत नाही यायची. आहे ती राखायची आहे, म्हणून घाई. दर आठवड्याला थोडी थोडी जाते आहे. बुधवारी या."

रिक्षात राजे छाणी येईपर्यंत बोटांवर दिवस मोजत होते. मग म्हणाले, "आणि आगटीवर कोण बसणार? समरजित?"

समरजित त्यांचा मुलगा. गोरव्याच्या कारखान्यात लेथवर कामाला, सकाळी सातला जायचा तो अंधार पडल्यावर यायचा.

"मी बसते," मोहना म्हणाली.

"तू?" राजे मान पूर्ण वळवून तिच्याकडे बघायला लागले. डाव्या डोळ्याने बघायचं म्हणजे त्यांना मान फिरवावीच लागायची. "आगटीवर घरधनी बसतो, मोहना. चार पिढ्या."

"चार पिढ्या घरधन्यांनी भाजलं आणि चार पिढ्या बायकांनी झोडपलं. हात माझे भरून येतात, नाव तुमचं होतं. बसते म्हटलं ना!"

रिक्षावाला गालातल्या गालात हसत होता. राजे त्याच्यावर डाफरले, पुढे बघ म्हणून, "भाई, आगळ जो ने!"

बुधवारला दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत मोहनाने राख उपसली, खड्डा साफ केला, गोवऱ्या रचल्या. राजे मागे खुर्ची टाकून बसले आणि शिकवायला लागले. शिकवणं कसलं, छळ नुसता. कणसं अशी नाही, अशी खुपस. देठ तुझ्याकडे. राख वर ओढ. अगं, एवढी नको, त्यांना काय थंडी वाजते? पहिला घाणा कोळसा झाला. दुसरा कच्चा राहिला. शालिनीने कापडी पिशवीत घालून झोडपला तर दाणा सुटेना.

"डोळे लावून काय बसलीस आत?" राजे म्हणाले. "आगटीत डोळ्याने भाजत नाहीत. मी तरी पाच वर्षं कुठे बघतोय? कान लाव. कणीस आत तडकतं. पहिला तड झाला की हात तयार. दुसऱ्याला राख बाजूला. तिसऱ्याला बाहेर. चौथा ऐकलास तर करपलं."

मोहनाने कान लावला. आचेने तिचं कपाळ भाजून निघालं, धुराने नाकातून पाणी आलं, गुडघे तर म्हणत होते की आता आम्हाला उठवू नकोस. तड. तड. तिसऱ्या तडाला तिने कणसं ओढली. शालिनीने चार काठ्या मारल्या आणि पिशवी सुपात उलटी केली. हिरवागार दाणा, मऊ, वाफाळलेला. शालिनीने पाखडून मूठभर सासऱ्यांच्या हातावर ठेवला. राजांनी चावला. बराच वेळ चावला.

"लिंबू लागेल," ते म्हणाले.

त्यांच्या तोंडून एवढं आलं म्हणजे शाबासकीच. मोहना त्या दिवशी गुणगुणत भांडी घासत होती.

बुधवारी समरजितने अर्धी सुट्टी टाकली. राजांना आत नेलं, दार बंद झालं. मोहना बाकावर पदर मुठीत धरून बसली. खंडोबाला काय काय बोलली ते तिलाच माहीत. अर्ध्या तासाने राजे बाहेर आले, डोळ्यावर ही एवढी पट्टी. दोन्हीकडे अंधार, एका हाताला मुलगा आणि दुसऱ्या हाताला बायको. पण चेहरा बघाल तर खुशीत!

"बाई जाणकार आहे," ते म्हणाले.

"कोण?"

"डॉक्टरबाई. डोळ्याच्या बाजूला सुई मारून बधिर केलं. मग पांढऱ्या भागावर काहीतरी टेकवून एकेक जागा भाजत होती. मला दुखत नव्हतं, पण ऐकू येत होतं. आणि अगं, एकदम तड झाला! बारीक, पण तड. मी म्हटलं, बेन, आच जास्त झाली. तर म्हणते, हो काका, म्हणूनच कमी करते. आणि कमी केली! पुढे एकदाही तडकलं नाही. पहिल्या तडालाच आच उतरवणारी बाई आहे ती. माझा विश्वास बसला."

समरजितने आईकडे बघितलं. दोघांनाही हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली. मृदुलाबेनने बोटं दाखवली, राजांनी तीन सांगितली, मग दोन. बरोबर होती. "सूज आहे, थोडे दिवस धुरकट दिसेल. घाबरायचं नाही. प्रेशर आठवड्याने बघू. आणि थेंब चालूच ठेवायचे हं, बंद नाही करायचे." सगळे घरी आले. मोहना तशीच आगटीवर बसली, कारण रिफायनरीची पहिली पाळी सुटायची वेळ झाली होती आणि रस्त्यावर मोटरसायकली थांबायला लागल्या होत्या. "काकी, पोंक तैयार छे?" "तैयार छे, भाई, गरम छे!" शेव, लिंबू, साखरेचे दाणे, शालिनी पुड्या बांधत होती. विकलं सगळं. मोहनाला वाटलं, आता काही नाही, संकट टळलं.

दिवेलागणीला राजे उठले. टाकीच्या खांबापाशी गेले. मोहना वांगं भाजत होती, चुलीकडे तोंड करून. तिचा "असणारच" ओठावर तयार होता.

"आहे" आलंच नाही.

ती थांबली. वांग्याची साल काढायची ती तशीच राहिली. राजे खांबापाशी उभे होते. त्यांनी डोळा पुसला. पुन्हा बघितलं. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. मग हळूच आत आले आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले.

"जेवायला वाढू?"

"भूक नाही."

"भरीत केलंय."

"नको म्हटलं ना."

गजर वाजला. शालिनी नेहमीसारखी ओरडली, "बाबा, डोळा वर!" ती बाटल्या शोधायला लागली तर कोनाड्यात बाटल्या नाहीत. मोहना खाटेपाशी गेली.

"थेंब कुठे ठेवलेत?"

"आता कशाला थेंब?"

"अहो, असं काय करता? सकाळी बोटं सांगितलीत ना नीट?"

"अंदाजाने सांगितली. डॉक्टर लोक तीन आणि दोनच दाखवतात." मग आवाज अगदी बारीक झाला. "मशाल दिसली नाही, मोहना. काळं आहे सगळं तिकडे. गेला हाही."

मोहना खाटेच्या पायाशी बसली. तिने त्यांच्या पावलावर हात ठेवला. पाच वर्षं एका डोळ्यावर या माणसाने घर ओढलं, आणि तिने हट्टाने लेझर करायला लावलं, आणि तोही गेला. भरीत कुणीच खाल्लं नाही.

सकाळी फटफटायच्या आधी ती उठली. आगटीची राख काढायला म्हणून बाहेर आली आणि पाय आपोआप टाकीच्या खांबाकडे वळले. म्हटलं, बघू तरी, या माणसाला काय दिसतं नि काय दिसत नाही. राजांसारखा तिने खांबाला हात टेकला. तळव्याने उजवा डोळा झाकला आणि रुळांपलीकडे बघितलं.

काळं.

तिने हात काढला. दोन्ही डोळ्यांनी बघितलं. काळंच!

"अगं बाई," ती मोठ्याने म्हणाली, "आता माझेही गेले की काय?"

तिने शालिनीला हाक मारली. शालिनी शाल गुंडाळून डोळे चोळत आली.

"तिकडे बघ. मशाल दिसते?"

शालिनीने बघितलं. "नाही दिसत."

"नीट बघ!"

"आई, नाहीये. नळकांडं दिसतंय, वर काही नाही."

तेवढ्यात सायकलवरून कानाला मफलर बांधलेला नंदू येताना दिसला. नंदू मूळचा सांगलीकडचा, रिफायनरीत ठेकेदाराकडे फिटर. रात्रपाळी करून घरी चालला होता.

"काय काकी, एवढ्या पहाटे कुणाची वाट बघताय?"

"नंदू, तुला मशाल दिसते का रे?"

"कुठून दिसेल? परवा दुपारी विझवली. शटडाउन चालू आहे ना आमच्याकडे, महिनाभर मेंटेनन्स."

"विझवली?"

"हो."

"आणि सांगितलं नाहीस मेल्या!"

नंदूने सायकलवरून एक पाय खाली टेकवला. "तुम्हाला सांगायचं? ती काय तुमच्या चुलीवर जळत होती?"

मोहना धावली. बावन्नाव्या वर्षी, आखडलेल्या गुडघ्यांनी, पदर कमरेला खोचून धावली. राजे जागेच होते. तिने त्यांची गोधडी ओढली.

"उठा!"

"मोहना, राहू दे मला."

"उठा म्हणते ना! राजे म्हणवता आणि भिंतीकडे तोंड करून झोपता?" तिने हाताला धरून ओढत त्यांना खांबापाशी आणून उभं केलं. "काय दिसतं तिकडे?"

"काही नाही."

"मलाही काही नाही. शालिनीलाही काही नाही. आणि हा नंदू तर तिथेच कामाला आहे, त्यालाही काही दिसत नाही. आता चौघांचे डोळे काढून डब्यात ठेवायचे का?"

राजांना कळेना. नंदूने पुन्हा सगळं सांगितलं. शटडाउन, परवा दुपार, महिनाभर. राजे ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी काल जेवलो नाही ते..."

"फुकट गेलं," मोहना म्हणाली. "माझं भरीतही फुकट गेलं." आणि ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि दोन्ही एकदम चालू राहिलं. शालिनी खांबाला धरून हसत होती. नंदूला नक्की काय झालं ते कळलं नव्हतं, पण तोही हसत होता.

"काय दिसतं ते सांगा आता," मोहनाने डोळे पुसत विचारलं. "मशाल सोडून काहीही."

राजांनी मान फिरवली. "धुरकट आहे. पण तो सिग्नल. लाल."

सगळ्यांनी बघितलं. रुळांवरचा सिग्नल लाल होता.

"काल नाही दिसला होता?"

"काल बघितलाच नाही. मशाल नाही म्हटल्यावर सिग्नल कशाला बघतोय?" ते थांबले. मग एकदम त्यांचा आवाज चढला. "हिरवा झाला! मोहना, हिरवा झाला बघ!"

मिनिटाभरात टाक्यांची लांबलचक मालगाडी धडधडत आली. राजे ती पूर्ण जाईपर्यंत उभे होते आणि ती गेल्यावर म्हणाले, "बाटल्या आणा."

"आहेत कुठे पण?"

"देव्हाऱ्यात. खंडोबाच्या टाकामागे." ते जरा ओशाळले. "म्हटलं, देवा, आता तुझं तूच बघ."

आठवड्याने प्रेशर मोजलं. मृदुलाबेनने मोजलं, पुन्हा मोजलं आणि खुर्ची मागे सरकवली. "सोळा!"

मोहनाने टेबलावरच नमस्कार केला. एक बाटली बंद झाली. लेझर काहींना पुन्हा करावं लागतं, दर दोन महिन्यांनी दाखवायचं, हे सगळं डॉक्टरांनी बजावलं. राजांनी मुद्द्याचं विचारलं, "आगटीवर बसू?"

"धूर नको, खाली वाकायचं नको."

राजांनी बायकोकडे बघितलं. मोहना भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती, जसं काही ऐकलंच नाही.

म्हणून त्या सीझनला राजे तराजूपाशी खुर्चीवर, डोक्याला फेटा बांधून बसले आणि आगटीवर मोहना. डोकेदुखी गेली तसा त्यांचा आवाज मोकळा झाला. गिऱ्हाइकांशी गप्पा, लेझरची गोष्ट दिवसातून दहा वेळा. "तड झाला, आणि बाईने आच उतरवली!" ऐकून ऐकून शालिनीला ती पाठ झाली. मध्येच राजे मागे वळून ओरडायचे, "तिसरा झाला, काढ!" आणि मोहना म्हणायची, "काढला केव्हाच. तुम्ही लिंबू कापा."

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दिवशी गर्दीचा कहर. आकाशात पतंग, गच्च्यांवर गाणी, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोटरसायकली. दुपारपासून मोहनाची पाठ सरळ झाली नव्हती. समरजितही घरी होता, काठीने झोडपून झोडपून त्याच्या हाताला फोड आले होते. संध्याकाळ झाली, पतंग उतरले. मोहनाने नवा घाणा राखेत खुपसला आणि कान लावला. तड.

"अर्धा किलो, काका," एक गिऱ्हाईक म्हणत होतं. "काका? ओ काका!"

राजांनी तराजू सोडला होता. ते उठून उभे होते, रुळांपलीकडे मान वळवून.

तड.

"आहे," ते म्हणाले.

मोहनाच्या तोंडून सवयीने निघालंच, "असणार..." आणि ती मध्येच थांबली. गुडघ्यावर हात देऊन उठली. राखेचे हात पदराला पुसत राजांच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि पलीकडे बघितलं. नळकांड्याच्या टोकावर एवढीशी ज्योत होती, नुकती लावलेली, वाऱ्याने वाकडी होणारी. रस्त्यावर एवढी माणसं, कुणीच ती अजून बघितली नव्हती.

"आहे," मोहना म्हणाली.

मागे आगटीत तिसरा तड झाला. चौथाही झाला.

"अगं, करपतंय!" राजे ओरडले.

"करपू दे," ती म्हणाली, आणि बघत उभी राहिली.